शॉक बसला म्हणजे नेमके काय झाले?

‘शॉक’ हा शब्द आता मराठीच झाला आहे, तेव्हा त्याविषयी कुरकुर करण्यात अर्थ नाही, असे आम्हांला वारंवार ऐकवले जाते. या विधानाचा पूर्वार्ध आम्हांला मान्य आहे. तो मराठी झाला आहे. एवढेच नव्हे, तर मराठीच्या घरात शिरून त्याने ओसरीपासून माजघरापर्यंत सगळ्या खोल्यांचा ताबा घेतला आहे. निकाल लागला की शॉक, शेजाऱ्याने मोटार घेतली की शॉक, टोमॅटोचा भाव चढला की शॉक, आणि घरातला तरणाताठा मुलगा गेला तरी शॉकच. आमची तक्रार या शब्दाच्या जातकुळीविषयी नाही, त्याच्या वागणुकीविषयी आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आम्ही भाषाशुद्धीच्या पक्षाचे नाही. सतराव्या शतकातील राज्यव्यवहारकोश असो की विसाव्या शतकातील सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ असो, त्या प्रयत्नांचे ऐतिहासिक मोल आम्ही जाणतो, आणि त्या चळवळीतून रुळलेले ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द आम्हीही वापरतो. परंतु मुधोळच्या मराठी माणसाने सोवळ्यात बसून शब्द निवडायचे म्हटले तर त्याला बाजारातून भाजीसुद्धा आणता येणार नाही. (मुधोळ म्हणताच वाचकांच्या डोळ्यांपुढे कर्नाटकातले घोरपड्यांचे संस्थान आणि तिथले शिकारी कुत्रे उभे राहतात, ते मुधोळ निराळे. आमचे मुधोळ बासरच्या सरस्वतीच्या शेजारचे.) हैदराबाद राज्यात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, आणि २०१६ साली आदिलाबादचे तुकडे होऊन आम्ही निर्मल जिल्ह्यात आलो. गाव जागचे हलले नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी उर्दू, आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी, असा आमचा चौरंगी संसार आहे. परक्या शब्दाला उंबऱ्याबाहेर थांबवण्याची ऐपत आमच्यापाशी नाही आणि हौसही नाही.

म्हणूनच या शब्दाविषयी बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही समजतो. पुण्यात वा नाशकात एखादा शब्द मेला तर तो शाळेच्या पुस्तकात, नाटकात, कीर्तनात कुठेतरी धुगधुगी धरून राहतो. आमच्याकडची बहुसंख्य मुले तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या कानांवर मराठी पडते ती आजीच्या तोंडून, नांदेडहून येणाऱ्या वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून. आजी एक दिवस जाते. मग उरलेल्या दोन ठिकाणी जे शब्द असतील तेवढीच त्या मुलांची मराठी. आणि त्या दोन्ही ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत एकच घोष चालू असतो: धक्कादायक! शॉकिंग!

आता हा शब्द मुळात कोण, कुठला, ते पाहू. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ होता रणांगणावर दोन फौजांची किंवा दोन योद्ध्यांची होणारी टक्कर. म्हणजे ही भावना नव्हती, ती एक शारीरिक घटना होती. तिच्यात हाडे मोडत. अठराव्या शतकात युरोपातल्या प्रयोगशाळांत वीज काचेच्या बरणीत साठवता येऊ लागली, तिला हात लावणाऱ्याला जो झटका बसे त्यालाही हाच शब्द मिळाला. त्याच शतकात शल्यवैद्यांनी तो उचलला. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून परतलेले सैनिक थरथर कापत, बोलेनासे होत. त्यांच्या अवस्थेला ‘शेल शॉक’ हे नाव चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणले. पुढे खुद्द मायर्स यांनाच ते नाव दिशाभूल करणारे वाटू लागले, आणि युद्ध संपायच्या आतच ब्रिटिश सैन्याने त्याच्या वापरावर बंधने घातली. ज्यांच्या घरचा हा शब्द आहे त्यांनी त्याच्यावर पहारा ठेवला होता, एवढे यातून दिसते. आपण त्याला मोकळा सोडला.

वस्तुतः आरंभी मराठीने या पाहुण्याला चांगले वळण लावले होते. आपल्याकडे ‘धक्का’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सोबतचे क्रियापद ठरवते. गर्दीत धक्का लागतो. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतात. बातमी ऐकून मनाला धक्का बसतो. अब्रूला धक्का पोहोचतो. नोकरीपायी माणूस दारोदार धक्के खातो. आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर बोटी लागतात, तो धक्का तर दगडाचाच. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला तेव्हा हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. त्यानंतर कित्येक दिवस मराठवाड्यात ‘धक्के’ हा शब्द अनेकवचनी आणि अक्षरशः खऱ्या अर्थाने बोलला जात होता. तो उच्चारताना लोक छताकडे पाहत. ‘शॉक’ आला तेव्हा मराठी बोलणाऱ्या साध्या माणसाने त्यालाही हेच व्याकरण शिकवले: वायरचा शॉक ‘लागतो’, वार्तेचा शॉक ‘बसतो’. एका क्रियापदाने दोन अर्थ वेगळे ठेवले. हे काम कोणा भाषातज्ज्ञाने केले नाही. ते मोटार दुरुस्त करणाऱ्याने आणि विहिरीवर पंप चालवणाऱ्याने केले, म्हणून आम्हांला त्याचे अधिक कौतुक वाटते. आता मात्र ऐकू येते ते ‘मी शॉक झालो’, ‘मी तर शॉक्डच’, किंवा नुसतेच ‘शॉक!’ क्रियापद गळाले आणि त्याबरोबर काय झाले हे सांगण्याची जबाबदारीही गळाली.

दुसरा अपराध वृत्तपत्रांचा आणि वृत्तवाहिन्यांचा. ‘शॉकिंग’ या इंग्रजी विशेषणाचे ‘धक्कादायक’ हे भाषांतर जुनेच आहे. पण २००७ साली चोवीस तास चालणाऱ्या मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या आणि दिवसाचे सगळे तास भरायचे म्हटल्यावर हे विशेषण कामाला जुंपले गेले. त्यानंतर बातम्या भ्रमणध्वनीवर आल्या, तिथे तर वाक्याच्या आधीच ‘धक्कादायक!’ असे उद्गारचिन्हासह छापण्याची रीत पडली. चोरी धक्कादायक, नटाचा घटस्फोट धक्कादायक, सोन्याचा भाव धक्कादायक. वीज महागली की ‘ग्राहकांना शॉक’ हा मथळा येतोच. पहिल्यांदा ज्याला हा श्लेष सुचला असेल त्याला आम्ही दाद देऊ, पण त्यानंतर तो वापरणाऱ्यांना कोणत्या गोष्टीचे हसू येते, हे कळत नाही.

या ‘धक्कादायक’ची घडण नीट पाहावी. सुखदायक, फलदायक, आरोग्यदायक या ओळीतला हा शब्द आहे. ‘दायक’ म्हणजे देणारे. सुखदायक वस्तू सुख देते. मग धक्कादायक घटना धक्का देते, कोणाला? ज्याचे घर जळाले त्याला? त्याच्याविषयी हे विशेषण बोलतच नाही. ती घटना धक्का देते बातमी वाचणाऱ्याला, चहाचा पेला हातात घेऊन बसलेल्या तुम्हांआम्हांला. घर जळालेला माणूस बातमीत दुय्यम पात्र होतो, आणि मुख्य पात्र होते आपली हललेली सुखासीनता. ‘अमक्याचे घर जळाले’ हे विधान अमक्याबद्दल आहे. ‘अमक्याचे घर जळाले, धक्कादायक!’ हे विधान आपल्याबद्दल आहे.

यावर आमचे काही तरुण मित्र म्हणतात की शब्द झिजतातच, तुम्ही म्हातारपणामुळे चिडता. शब्द झिजतात हे आम्ही त्यांच्यापेक्षा अधिक उदाहरणांनी सिद्ध करून देऊ. ‘हैराण’ हा फारसीतून आलेला शब्द; मुळात त्याचा अर्थ आश्चर्याने थक्क झालेला. मराठीत येऊन तो त्रासलेल्या, पिडलेल्या माणसाचा झाला. डासांनी हैराण, उकाड्याने हैराण. ‘दंग’ हाही फारसीच, आणि त्याचाही मूळ अर्थ चकित, स्तिमित. मराठीने त्याला वारकऱ्यांच्या दिंडीत नेले आणि तो भजनात दंग झाला. खुद्द ‘त्रास’ शब्दाचे पाहा. भरताच्या नाट्यशास्त्रात व्यभिचारी भावांच्या यादीत ‘त्रास’ आहे, आणि तो उपजतो कशातून? वीज कडाडणे, उल्का पडणे, भूकंप होणे यांतून. म्हणजे ज्याला आज आपण शॉक म्हणू पाहतो, नेमका तोच भाव. त्या विजेच्या लोळातून उतरत उतरत ‘त्रास’ आज सर्दीपडशापर्यंत येऊन पोहोचला आहे. तेव्हा धक्क्याचे शब्द झिजतात, घसरतात, हे खरे. पण या तिघांनी काय केले ते लक्षात घ्यावे. प्रत्येकाने मराठीत एकेक नवे काम पत्करले. हैराण गेला पीडेकडे, दंग गेला तल्लीनतेकडे, त्रास गेला कटकटीकडे. भाषेची कामे वाढली आणि कामकरीही वाढले. ‘शॉक’ने नवे काम एकही घेतले नाही. त्याने चालू कामावरच्या माणसांना घरी बसवले. याला आम्ही झीज म्हणत नाही.

घरी बसलेली ही मंडळी कोण, त्यांची मोजदाद केली पाहिजे. दचकणे हे क्षणाचे. दार वाजले, पाल पडली, माणूस दचकतो आणि लगेच स्वतःशीच हसतो. हबकणे त्याहून लांबते. हबकलेला माणूस दोन पावले मागे सरतो आणि पुढे काय करावे हे त्याला सुचत नाही. गांगरणे, भांबावणे यांत गोंधळ अधिक, भय कमी. थिजणे हा शब्द तुपाच्या भांड्यातून आला आहे. कढत पातळ होते ते जागच्या जागी गोठले. सुन्न होणे प्रहर दोन प्रहर टिकते, त्यात माणूस सगळे ऐकतो आणि काहीच ऐकत नाही. धसका महिनोन्‌महिने राहतो: एकदा पुरात घर गेले की पुढल्या पावसाळ्यात ढग दाटले तरी पोटात गोळा येतो. आणि हाय? हाय खाल्लेला माणूस हिंडतो, फिरतो, जेवायला बसतो आणि आतून वाळत जातो. तो त्यातून उठेलच याची हमी नाही. डॉक्टरांकडे याचे काय नाव आहे ते असो, पण आमच्या खेड्यातली बाई दारात उभ्या असलेल्या विधवेकडे पाहून ‘हिनं हाय खाल्लीय’ म्हणते तेव्हा त्या विधवेकडे रोज कोणीतरी जाऊन बसले पाहिजे, ही सूचना त्या तीन शब्दांतच असते. ‘तिला शॉक बसलाय’ या वाक्यात ती नाही. शॉक बसतो आणि उतरतो. त्याला शेजारणीची गरज नसते.

शिवाय हे शब्द देहात ठिकठिकाणी राहतात. काळजात धस्स होते, पायांखालची जमीन सरकते, हातपाय गळतात, तोंडचे पाणी पळते, बोबडी वळते, दातखीळ बसते, डोळे पांढरे होतात. कोणाचे काय झाले यावरून काय घडले असावे याचा अदमास येतो. बोबडी वळते भयाने, आ वासला जातो नवलाने, दातखीळ बसते त्यापलीकडच्या कशाने. रसांच्या भाषेत बोलायचे तर विस्मय, भय, जुगुप्सा आणि शोक हे चार वेगवेगळे स्थायी भाव आहेत, आणि त्यांतून निपजणारे अद्भुत, भयानक, बीभत्स आणि करुण हे चार वेगवेगळे रस. ‘शॉक’ने चौघांची एकाच पातेल्यात आमटी केली. जादूगाराने टोपीतून ससा काढला तरी शॉक आणि रस्त्यावर मृतदेह दिसला तरी शॉक.

इंग्रजीचा यात काही दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या भाषेत दचकण्याला वेगळा शब्द, हबकण्याला वेगळा, किळसमिश्रित भीतीला वेगळा, सुन्नतेला वेगळा, अशी सगळी श्रेणी आहे. आपण त्यांच्या दुकानात गेलो आणि दर्शनी मांडलेली एकच वस्तू उचलून आणली.

सीमाभागाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो आम्हांला अधिक विचारार्ह वाटतो. तीन भाषांच्या गावात एक सामाईक शब्द हवा. ‘शॉक’ तेलुगू माणसाला कळतो, मुसलमान शेजाऱ्याला कळतो, मराठी माणसालाही कळतो, मग बिघडले कुठे? बिघडले असे की सामाईक शब्द आमच्यापाशी आधीच होते. ‘अय्यो’ हा उद्गार तेलुगूचा, पण भैंशाच्या बाजारात तो मराठी तोंडातून तितकाच सहज निघतो. आपले ‘अबब’ आणि तेलुगूचे ‘अब्बब्ब’ यांना भाऊ ठरवायला व्युत्पत्तिकोश लागत नाही. उर्दूतला ‘सदमा’ आम्हांला कोणी समजावून दिला नाही, आणि गंमत अशी की तो अरबी शब्दही मुळात टक्कर याच अर्थाचा आहे. युरोपच्या रणांगणावरची आणि अरबांची कल्पना एकच. अपघातात माणसे गेली की तेलुगू वृत्तपत्रांत मुख्यमंत्र्यांनी ‘दिग्भ्रांति’ व्यक्त केल्याचे छापून येते. दिग्भ्रांती! दिशाच कळेनाशा होणे. हा शब्दही तिथे सरकारी ठशाचा झाला आहे, हे कबूल. पण ज्याने तो प्रथम योजला त्याला शोक झालेल्या माणसाचे काय होते हे ठाऊक होते. तेलुगू बाई ‘गुंडे झल्लुमंदि’ म्हणते आणि मराठी बाई ‘काळजात धस्स झालं’ म्हणते, तेव्हा दोघींचा हात छातीवर एकाच जागी गेलेला असतो. त्या दोघींना एकमेकींची वाक्ये कळतात. ‘शॉक’ने त्यांच्यातला पूल बांधला नाही; तो आधीच होता, यांनी त्यावर जाहिरातीचा फलक लावला.

इथवरचा सगळा वाद कोणी हौसेचा म्हणेल. शब्द गेला तर गेला, पोट त्यावाचून अडत नाही. पण अडते, आणि कधी कधी जीवावर बेतते. याचे उदाहरण दवाखान्यातले.

वैद्यकशास्त्रात ‘शॉक’ या शब्दाचा मनाशी काहीच संबंध नाही. रक्ताभिसरण इतके मंदावते की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना पुरेसे रक्त पोहोचत नाही. सहसा रक्तदाब घसरतो, नाडी क्षीण आणि जलद होते. कारण रक्तस्राव असेल, जंतुसंसर्ग असेल, हृदयविकार असेल. ही मरणाच्या दाराशी आणणारी अवस्था आहे आणि तिच्यात मिनिटांचा हिशेब असतो. डेंग्यूच्या काही रुग्णांत ती येते, आणि येते ती फसवी वेळ साधून: साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हा. घरच्यांना वाटते, उतार पडला. तेवढ्यात हातपाय गार पडतात, पोट दुखू लागते, उलट्या थांबत नाहीत, पोर मलूल होते. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘पेशंट शॉकमध्ये गेला आहे.’ आता आमच्या माणसाने यातून काय समजावे? त्याला ‘शॉक’चे तीन अर्थ माहीत आहेत. एक विजेचा, तो तर इथे नाही. दुसरा मनाचा, म्हणजे पोर सुया आणि सलाइन पाहून घाबरले असेल, आजीला जवळ बसवले की होईल बरे. तिसरा वेड्यांच्या इस्पितळातला, ‘शॉक देतात’ तो; त्याची तर नुसती कल्पना येऊनच माणूस पोराला उचलून घरी न्यायला निघतो. चौथा, खरा अर्थ त्याच्या भाषेत पोहोचलेलाच नाही. आणि तो पोहोचवायला मराठी अपुरी होती असे मुळीच नाही. ‘नाडी लागत नाही’, ‘अंग गार पडत चालले आहे’, ‘रक्त पुढे जात नाही’ ही वाक्ये आमच्या भागातल्या कोणत्याही आजीला कळतात आणि ती ऐकल्यावर तिला कोणी घाई करायला सांगावे लागत नाही. मनाला बसलेल्या प्रत्येक टाचणीला शॉक म्हणून म्हणून आपण या शब्दातला धोका काढून घेतला, आणि जिथे धोक्याची घंटा वाजायला हवी तिथे तो वापरला जातो तेव्हा कोणी मान वर करून पाहत नाही. डॉक्टर मंडळींनाही आमचे हेच सांगणे आहे की तुमचा शब्द तुमच्या कागदांवर ठेवा, नातेवाइकांशी नाडीच्या भाषेत बोला.

आता विजेकडे वळू, कारण इथे ‘शॉक’ शब्दाचा हक्क आम्ही निर्विवाद मानतो. पावसाळ्याच्या तोंडाशी शेतातल्या उघड्या वायरी, ओली जमीन, गंजलेली पेटी, आणि रात्रीची वीज येते म्हणून अंधारात मोटार सुरू करायला गेलेला माणूस. तेलुगूत म्हणतात ‘शाक् कोट्टिंदि’, शॉकने मारले. मराठीत म्हणतात शॉक लागला. दोन्ही वाक्ये चोख आहेत. पण दुसऱ्या दिवशी बातमी येते तिच्यात हा शब्द दोनदा येतो: एकदा शेतकऱ्याला मारणारा, आणि दुसऱ्यांदा गावाला बसणारा. ‘विजेच्या धक्क्याने शेतकऱ्याचा मृत्यू, धक्कादायक घटनेने गाव हादरले.’ ज्या शब्दाने माणूस मेला तोच शब्द दोन इंचांवर आपल्या भावनेसाठी वापरताना लिहिणाऱ्याचा हात अडखळत नाही, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

आणि खरेच गाव हादरले असते का? आमच्या वादाचा गाभा हा आहे. धक्का म्हणजे अनपेक्षित आघात. ज्याची अपेक्षा होती त्याचा धक्का बसत नाही. त्याचे दुःख होते, संताप येतो, शरम वाटते. ती पेटी गंजलेली आहे हे गावाला माहीत होते, वीज खात्याला माहीत होते, वायर लोंबते आहे हे शाळेत जाणाऱ्या पोरांनाही माहीत होते. अशा मृत्यूला ‘धक्कादायक’ म्हणणे म्हणजे ‘आम्हांला काहीच कल्पना नव्हती’ अशी साक्ष देणे, आणि ती खोटी साक्ष आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून ठेवतो आहे. विदर्भ, मराठवाडा आणि आमचा हा कापसाचा पट्टा त्या बातम्या तीन दशके वाचतो आहे. तीन दशके सलग धक्का बसणे हे मनुष्याच्या शरीराला शक्य नाही. तरीही मथळ्यात शब्द तोच. १९४२ च्या ‘कॅसाब्लांका’ या अमेरिकी चित्रपटात एक पोलीस अधिकारी क्लबात जुगार चालतो हे कळून आपल्याला धक्का बसल्याचे जाहीर करतो, आणि त्याच क्षणी नोकर त्याने जुगारात जिंकलेले पैसे त्याच्या हातावर आणून ठेवतो. इंग्रजी बोलणारे लोक अशा ढोंगासाठी त्या प्रसंगाची आठवण काढतात. आपण त्यांचा शब्द घेतला, त्या शब्दाकडे पाहण्याचा त्यांचा संशय मात्र तिकडेच ठेवला.

कोणी म्हणेल, शब्द बदलून वायरी सरळ होणार आहेत का? नाहीत. पण ‘धक्कादायक’ काढून त्या जागी ‘ठाऊक असलेली’ असे लिहून पाहा: ‘ठाऊक असलेल्या कारणाने आणखी एका शेतकऱ्याचा मृत्यू.’ हा मथळा छापायला संपादकाला अधिक धैर्य लागेल आणि वाचायला अधिकाऱ्याला. म्हणूनच तो छापला जात नाही.

शेवटी शोकवार्तांविषयी, कारण या अंकाच्या वाचकांशी तिचा थेट संबंध येतो. शोक, शॉक आणि उर्दूतला शौक या तिघांत नागरी लिपीत एकेका मात्रेचा फरक आहे, आणि अलीकडे शोकसभांना बसून आम्हांला तो फरक फार जाणवू लागला आहे. वक्ता उठतो आणि बातमी कळली तेव्हा तो स्वतः कुठे होता, काय करीत होता, त्याला केवढा शॉक बसला, हे पाच मिनिटे सांगतो. गेलेल्या माणसाविषयी दीड मिनिट उरते. भ्रमणध्वनीवरच्या गटांत तर ‘शॉकिंग!’ एवढाच शब्द, त्याखाली हात जोडल्याची चित्रे, आणि कोण गेले हे शोधण्यासाठी वीस संदेश मागे जावे लागते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाने माणसे नेली तेव्हा हे आम्ही दिवसाआड पाहिले. त्या काळात बातमी अनपेक्षित राहिलीच नव्हती, तरी संदेश तोच होता, बोटांना सवय झालेला.

पूर्वी आमच्या घरांत अशी बातमी पोस्टकार्डाने येई. ते कार्ड वाचून लगेच फाडून टाकण्याची रीत होती, घरात ठेवीत नसत. त्यावर चार ओळी असत. कोणाला देवाज्ञा झाली, ते आपले कोण. कोणत्या तिथीस, किती वाजता. मागे कोण कोण आहे. आणि दहावा अमुक दिवशी बासरला गोदावरीकाठी होईल, तरी येणे.